परसदार : मेंदीचें पान मुरडतें तें कां?

श्रावण-भाद्रपदांत ज्या झाडाची घरांतील लेकीबाळींना रोज आठवण होते आणि उरलेल्या दहा महिन्यांत ज्याच्याकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं, असें परसांतील झाड म्हणजे मेंदी. तुळशीला वृंदावन मिळतें, मोगऱ्याला आळें मिळतें, लिंबाला खत मिळतें. मेंदी मात्र मोरीच्या कोपऱ्यांत किंवा कुंपणाच्या कडेला आपली आपण वाढत असते. तिला कांहीं लागत नाहीं, अशी आपली समजूत आहे आणि ती बऱ्याच अंशीं खरीहि आहे. परंतु एखाद्या वर्षीं तिचीं पानें मुरडूं लागलीं, म्हणजे घरांतील जितकीं माणसें तितकीं मतें निघतात.

भंडारा जिल्ह्यांतील पवनीकडच्या एका भगिनीचें जें पत्र आम्हांस आलें आहे, त्यांत हाच प्रकार आहे. त्यांच्या परसांत आजेसासूबाईंनीं लावलेलें मेंदीचें झाड आहे. घरांतील तिघी सुनांच्या हातांवर याच झाडाचा रंग चढला. येत्या माघांत धाकट्या नणंदेचें लग्न ठरलें असून तिलाहि घरचीच मेंदी लावावयाची, असा सासूबाईंचा आग्रह आहे. पण या पावसाळ्यांत झाडाचीं पानें आक्रसलीं व मुरडलीं. मामंजी म्हणतात, "झाडास रोग लागला, तोडून टाका, नाहीं तर लिंबाला आणि मिरचीला लागेल." दीर तालुक्याच्या गांवाहून कीटकनाशकाची बाटली घेऊन आले आहेत. सासूबाईंच्या मतें झाडाला दृष्ट लागली आहे. "आम्ही कोणाचें ऐकावें?" असा भगिनींचा प्रश्न आहे.

या पत्राबरोबर त्यांनीं एक फार शहाणपणाची गोष्ट केली. झाडाच्या उत्तर, पूर्व व पश्चिम बाजूंच्या तीन डहाळ्या निरनिराळ्या कागदांत गुंडाळून, प्रत्येकीवर दिशा लिहून पाठविली आणि त्या बाजूस काय आहे तेंहि कळविलें : उत्तरेस मोरी, पूर्वेस मिरचीचा वाफा, पश्चिमेस गडगा व त्यापलीकडे धानाची बांधी. दक्षिणेकडील फांद्या चांगल्या आहेत, असेंहि त्या लिहितात. एवढ्या माहितीवर निदान करणें सोपें झालें. आणि तें करतांना जी गोष्ट दिसून आली, ती इतर वाचकांसहि उपयोगी पडेल म्हणून येथें विस्तारानें लिहितों.

मुरड हा रोग नव्हे

माणसास ताप येतो, म्हणजे त्याला अमुक एकच रोग झाला असें कोणी म्हणत नाहीं. हिंवतापानेंहि अंग तापतें आणि पायांत मोडलेल्या कांट्यानेंहि तापतें. पानाचें मुरडणें हें असेंच लक्षण आहे. पानांतील एका बाजूची वाढ खुंटली आणि दुसऱ्या बाजूची चालू राहिली, किंवा पानास पाणी पुरेनासें झालें, कीं तें वळतें. वाढ कोणत्या कारणानें खुंटली व पाणी कां पुरेना, हें शोधणें म्हणजे निदान. तें केल्यावांचून औषध घालणें हें तापाच्या प्रत्येक रोग्यास एकच काढा पाजण्यासारखें आहे. शिवाय मेंदीच्या बाबतींत एक विशेष जबाबदारी आहे. आंब्याच्या पानावर कांहीं शिंपडलें तर तें पान आपण तोंडांत घालीत नाहीं. मेंदीचें पान मात्र वाटून, लिंपून, रात्रभर अंगावर बाळगावयाचें असतें. ज्या पानावर विष पडलें, तें विष हातावर येणार, आणि तो हात बहुधा लहान मुलीचा किंवा नव्या नवरीचा असणार.

आधीं झाड मेंदीचेंच आहे ना?

निदानाच्या आधीं ओळख करून घ्यावी. कुंपणासाठीं लावतात त्या कित्येक झुडुपांस लोक सर्रास मेंदी म्हणतात. कोयनेल किंवा कडूमेंदी हें अगदीं निराळें झुडूप आहे. पिवळसर पानांच्या दुरांताच्या कुंपणालाहि पुष्कळ ठिकाणीं मेंदीच म्हणतात. खऱ्या मेंदीचीं पानें समोरासमोर जोडीनें येतात. तीं लहान, गुळगुळीत, बिनलवेचीं आणि दोन्ही टोकांस निमुळतीं असतात. शंका असल्यास पांच-सहा कोंवळीं पानें थेंबभर पाण्यांत वाटून तळहातावर तासभर ठेवावीं. नारिंगी रंग उमटला तर तें झाड मेंदीचें. हा रंग लॉसोन नांवाच्या द्रव्याचा असतो व वाळलेल्या पानांत तो साधारणतः शेंकडा एकाच्या आसपास भरतो.

संस्कृतांत मेंदीला मदयंतिका म्हणतात. तिचें शास्त्रीय नांव लॉसोनिया इनर्मिस. लिनीयस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानें तें १७५३ सालीं दिलें. त्यांत आयझॅक लॉसन या स्कॉटिश वैद्याची आठवण आहे. 'इनर्मिस' म्हणजे निःशस्त्र, बिनकांट्याची. परंतु जुन्या झाडाच्या आखूड फांद्यांचीं टोकें कांट्यासारखीं कठीण होतात, हें मेंदी खुडणाऱ्या बोटांना लिनीयसाहून अधिक ठाऊक आहे.

कोरड्या मुलखाची लेक, तलावांच्या मुलखाची सून

आपल्या देशांत मेंदीचें मोठें पीक निघतें तें राजस्थानांतील पाली जिल्ह्यांत सोजतच्या आसपास. सोजतच्या मेंदीला २०२१ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. तिकडे वर्षाचा पाऊस सुमारें ४०० मिलिमीटर. जमीन हलकी, ऊन कडक, हवा कोरडी. एकदां लावलेलें पीक कित्येक वर्षें टिकतें व त्याच खुंटांतून दरवर्षीं नवे फुटवे येतात. जोधपूर येथें १९५९ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेनें या पिकाचा अभ्यास केला आहे. कोरडवाहू मुलखांतील पिकांसाठीं निघालेल्या संस्थेनें मेंदी हातीं घ्यावी, यांतच तिचा स्वभाव कळून येतो.

आतां भंडाऱ्याकडे पाहा. पाऊस सुमारें १३०० मिलिमीटर, म्हणजे सोजतच्या तिपटीहून अधिक, आणि त्यांतील बहुतेक सगळा चार महिन्यांत पडून जातो. जिल्हा तलावांचा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनीं बांधलेले मालगुजारी तलाव गांवोगांवीं आहेत; वैनगंगा मधून वाहते; पीक धानाचें. धानाची बांधी पाणी धरून ठेवण्यासाठींच बांधलेली असते. सिहार व बरडी या हलक्या जमिनींत पाणी मुरतें. परंतु मोरांड आणि कन्हार या भारी जमिनींत तें दिवसच्या दिवस राहतें. जो गुण धानाला तारतो, तोच मेंदीला मारतो. मेंदीला पाण्याची तहान थोडी आणि निचऱ्याची गरज मोठी. कोरड्या मुलखाची ही लेक तलावांच्या मुलखांत सून म्हणून आली आहे. ती नांदेल, पण तिच्या माहेरची रीत आपण थोडी सांभाळली पाहिजे.

उत्तरेची डहाळी : मोरीचें पाणी

पहिली डहाळी मोरीकडची. तिच्यावरील जुनीं, खालचीं पानें पिवळीं पडलीं आहेत. कडा खालीं वळल्या आहेत. पान मऊ, निर्जीव असून बोट लावतांच गळतें. शेंड्याचीं पानें त्या मानानें बरीं. पानाच्या पाठीवर किडा नाहीं, ओरखडा नाहीं, चिकटपणा नाहीं.

हें दुखणें पानाचें नव्हे, मुळाचें आहे. मुळांनाहि श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधील बारीक पोकळ्यांत हवा असते ती मुळांस मिळते. त्या पोकळ्या दिवसेंदिवस पाण्यानें भरून राहिल्या, कीं बारीक मुळें गुदमरतात, काळीं पडतात व कुजतात. मग आजूबाजूस पाणी असूनहि झाडाला तें ओढून घेतां येत नाहीं. वरून पाहणारास झाड तहानेलें दिसतें. तो आणखी पाणी घालतो आणि दुखणें वाढवितो. मोरीच्या पाण्यांत साबण, सोडा व खरकट्यांतील मीठ असतें, त्यानें भर पडते ती निराळीच.

याची परीक्षा सोपी आहे. झाडापासून हातभर अंतरावर एक वीत खोल खड्डा करावा. खालच्या मातीस आंबूस वास येत असेल, बारीक मुळें काळीं होऊन त्यांची साल बोटांत निघून येत असेल, तर निदान झालें. पाऊस नसलेल्या दिवशीं खड्डा पाण्यानें भरून पाहावा. सकाळीं भरलेलें पाणी संध्याकाळपर्यंत तसेंच राहिलें तर त्या जागीं निचरा नाहीं.

याच्या उलट प्रकार उन्हाळ्यांत दिसतो. वैशाखांत भर दुपारीं पानें मिटल्यासारखीं होतात व दुसऱ्या दिवशीं पहाटे पूर्ववत् ताजीं दिसतात. हा रोग नाहीं. उन्हापासून अंग चोरण्याची ती झाडाची युक्ति आहे. पहाटेसहि पानें सुकलेलीं राहिलीं आणि चार बोटें खालची माती कोरडी लागली, तरच पाणी द्यावें.

पूर्वेची डहाळी : मिरचीचे पाहुणे

दुसरी डहाळी मिरचीच्या वाफ्याकडची. येथें जुनीं पानें धड आहेत आणि शेंड्याचीं नवीं पानें बिघडलीं आहेत. तीं लहान राहिलीं आहेत. दोन्ही कडा वर उचलून पान द्रोणासारखें झालें आहे. पाठीवर रुपेरी, पुढें तपकिरी पडत गेलेले बारीक ओरखडे आहेत. पत्रांत लिहिलें आहे, कीं यंदा वाफ्यांतील मिरचीवरहि बोकड्या आला.

हें काम फुलकिड्यांचें. हे किडे इतके बारीक असतात, कीं चटकन् नजरेस पडत नाहींत. ते कोंवळ्या पानाचा पृष्ठभाग खरवडून रस शोषतात. खरवडलेली बाजू वाढत नाहीं, दुसरी वाढते, आणि पान वळतें. पवनी, लाखांदूर व शेजारचें भिवापूर हा मिरचीचा टापू असल्यानें फुलकिड्यांस तेथें वर्षाचा बराच काळ अन्न मिळतें. २०२१ सालीं तर तेलंगण व आंध्र प्रदेशांत एका नव्या जातीच्या काळ्या फुलकिड्यांनीं मिरचीचें अतोनात नुकसान केलें.

परीक्षा अशी : पांढरा कागद शेंड्याखालीं धरून डहाळी चार-पांच वेळां झटकावी. पिवळट किंवा काळसर, रेघेसारखे लांबट जीव कागदावर धांवतांना दिसले तर ते फुलकिडे. सुईच्या टोंकाएवढे गोल ठिपके सावकाश सरकत असतील तर ते कोळी. त्यांच्या उपद्रवानें पानाच्या कडा बहुधा खालीं वळतात, म्हणजे द्रोण पालथा होतो. शेंड्याशीं हिरवे-काळे जीव दाटीनें बसले आहेत, पान चिकट झालें आहे व मुंग्यांची रांग वर चढते आहे, तर तो मावा. फांदी हालवितांच पांढरी धूळ उडाल्यासारखी उडून पुन्हां बसली, तर ती पांढरी माशी. साधें भिंग घरांत असेल तर मुलांच्या हातीं देऊन हें काम त्यांच्याकडून करून घ्यावें. तीं तें आपल्याहून चांगलें करतात. पान रेशमासारख्या धाग्यानें गुंडाळून बांधलेलें असेल तर आंत अळी असते. तेवढीं पानें खुडून टाकलीं, कीं काम भागतें. पानें मुरडण्याऐवजीं नुसतीं कुरतडलेलीं असतील, तर जवळ एरंड आहे काय तें पाहावें. एरंडावरची उंटअळी मेंदीवरहि ताव मारते.

मिरचीवर एक मुरड विषाणूचीहि असते व तो विषाणु पांढरी माशी एका रोपावरून दुसऱ्या रोपावर नेते. त्यास औषध नाहीं, रोप उपटावें लागतें. परंतु शेजारच्या मिरचीस तो रोग आहे एवढ्यावरून मेंदीसहि तोच झाला, असा तर्क करूं नये. कागदावर फुलकिडे पडले असतां त्यापलीकडचें कारण शोधीत बसण्याची गरज नाहीं.

पश्चिमेची डहाळी : बांधीवरून आलेला वारा

तिसरी डहाळी पाहून आम्ही थोडे थांबलों. हिचीं पानें द्रोणासारखीं नाहींत व पिवळींहि नाहींत. तीं फितीसारखीं अरुंद झालीं आहेत; शिरा जवळ ओढल्यासारख्या समांतर दिसतात; कोंवळी डहाळीच पीळ दिल्याप्रमाणें वळली आहे. कागदावर झटकली तर एकहि जीव पडत नाहीं. आणि पत्रांत एक ओळ आहे : "गडग्यापलीकडील बांधींत श्रावणाच्या मध्यास तण मारण्याचें औषध मारलें होतें."

धानांतील रुंद पानांचें तण मारण्यासाठीं '२,४-डी' या जातीचीं तणनाशकें वापरतात. हें द्रव्य १९४० नंतरच्या दशकांत, महायुद्धाच्या काळांत शोधलें गेलें. वनस्पतींच्या अंगांत वाढीचें नियमन करणारें जें नैसर्गिक द्रव्य असतें, त्याची तें नक्कल करतें. तें अंगांत गेलें, कीं रुंद पानांच्या वनस्पतींची वाढ बेबंद, वेडीवांकडी होते व पीळ पडून त्या मरतात. धान हें गवताच्या कुळांतील असल्यामुळें त्यांतून बचावतें. मेंदी बचावत नाहीं. वाऱ्यावर आलेल्या बारीक तुषारांनीं मोठें झाड मरत नाहीं, पण त्या बाजूची कोंवळी फूट अशी पिळवटते. झाडाची एकच बाजू बिघडणें, ती शेताकडची असणें, आणि फवारणीनंतर थोड्याच दिवसांत बिघडणें, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे संशय उरत नाहीं.

हेंच विष आणखी एका वाटेनें घरांत येतें. शेतांत तणनाशक मारलेला पंप नुसता विसळून त्याच पंपानें परसांतील झाडांवर कांहीं फवारलें, तर पंपांत उरलेला अंशहि झाड मुरडावयास पुरतो. तणनाशकाचा पंप निराळा ठेवावा; परसांत तो कधींहि आणूं नये.

यावर उतारा नाहीं व त्याची आवश्यकताहि नाहीं. पिळवटलेल्या डहाळ्या कापून दूर टाकाव्या व वाट पाहावी. नवी फूट सरळ येते. मात्र त्या बाजूचें एकहि पान यंदा हातास लावूं नये. शेतकरी शेजारीच असल्यानें त्याच्याशीं भांडण न करितां बोलून ठेवावें, कीं पुढील वर्षीं वारा पडलेला असतां, सकाळच्या वेळीं, नळी खालीं धरून फवारणी करावी. त्याची तक्रार झाली असें न वाटतां हें सांगणें घरांतील वडील माणसांसच साधतें.

मग बाटलीचें काय?

सारांश, एका झाडास तीन बाजूंनीं तीन निरनिराळीं दुखणीं झालीं आहेत. भावोजींनीं आणलेली बाटली यांपैकीं दोन दुखण्यांस अगदींच निरुपयोगी आहे. गुदमरलेलें मूळ कीटकनाशकानें श्वास घेत नाहीं आणि तणनाशकाचा पीळ त्यानें उलगडत नाहीं. उरलें तिसरें. फुलकिडे त्यानें कदाचित् मरतील. पण त्यांना खाणारे ढालकिडे व इतर उपकारी कीटकहि मरतील, आणि महिन्याभरांत मिरचीवरून नवे फुलकिडे येतील तेव्हां त्यांना अडविणारें कोणी नसेल. शिवाय पान हातास लावावयाचें आहे. म्हणून मेंदीच्या झाडावर बाजारी कीटकनाशक घालूंच नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

बाटलीवर चौकोनांत एक रंग असतो तो अवश्य पाहावा. तांबडा म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटीं हिरवा. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व मजूर मृत्यु पावले. हीं माणसें रोजच्या सवयीचींच होतीं. न वापरलेली बाटली स्वयंपाकघरापासून दूर, कुलपांत ठेवावी. ती दुसऱ्या बाटलींत ओतूं नये.

मामंजींचा प्रश्न रास्त आहे व त्याचें उत्तर त्यांना असें द्यावें. कुजलेलें मूळ पाणी साचल्यामुळें आहे, तें लिंबावर उडून जात नाहीं. तणनाशकाचा पीळ संसर्गजन्य नाहीं. फुलकिडे मात्र फिरते आहेत. परंतु ते बहुतकरून मिरचीवरून मेंदीवर आले आहेत, मेंदीवरून मिरचीवर गेलेले नाहींत. झाड तोडल्यानें मिरची वांचणार नाहीं, मेंदी मात्र जाईल. आणि सासूबाईंस आम्ही एवढेंच सांगूं, कीं दृष्ट काढावयाची ती अवश्य काढावी, पण मोरीचें पाणीहि त्याच दिवशीं वळवावें.

आतां करावयाचें तें

पहिलें काम मोरीचें. मोरीचें पाणी झाडापासून निदान पांच-सहा हात दूर नेणारी नाली खणावी. तें केळीकडे किंवा अळूच्या वाफ्याकडे न्यावें, त्यांस तें चालतें. झाडाभोंवतीं खोलगट आळें असेल तर तें बुजवून, बुंध्यापासून बाहेर उतार राहील असा मातीचा उंचवटा करावा. बुंध्यास मात्र माती चढवूं नये. मुळांजवळ कुदळ घालूं नये. मुळें आधींच थकलेलीं असतां शेण वा रासायनिक खत देऊं नये. अजीर्ण झालेल्या माणसास पक्वान्न वाढण्यासारखें तें होईल.

दुसरें काम पूर्वेच्या शेंड्यांचें. द्रोणासारखीं झालेलीं टोकें वीतभर खुडून जाळावीं. तीन दिवस लागोपाठ सकाळीं पानांच्या पाठीवर पाण्याचा जोराचा झोत मारावा. फुलकिडे, कोळी, मावा, सगळेच त्यानें कमी होतात. मग निंबोळीचा अर्क शिंपावा. वाळलेल्या निंबोळ्यांची पूड ५० ग्रॅम घेऊन एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजत ठेवावी, सकाळीं फडक्यांतून गाळावी, त्यांत चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवावा व ऊन उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंस शिंपडावा. प्रथम एका फांदीवर करून दोन दिवस पाहावें. आठ-दहा दिवसांनीं पुन्हां एकदां. मिरचीवरहि हाच अर्क त्याच दिवशीं शिंपावा, नाहीं तर पाहुणे या घरांतून त्या घरांत जातील एवढेंच. अर्क शिंपल्यावर आठवडाभर पानें तोडूं नयेत व तोडल्यावर धुऊन घ्यावीं.

तिसरें काम पश्चिमेच्या डहाळ्या कापण्याचें. तें वर आलेंच आहे.

माघांतल्या लग्नाची मेंदी

आतां खरा नाजूक प्रश्न. छाटलेल्या झाडास माघापर्यंत भरपूर पान येईल काय? पौषाच्या थंडींत मेंदी वाढत नाहीं. थंडी अधिक पडली तर पानें गाळते. म्हणून नव्या फुटीच्या भरंवशावर राहूं नये. दक्षिणेची बाजू चांगली आहे. तेथें किडा नाहीं, तणनाशक नाहीं, औषध पडलें नाहीं. याच आश्विनांत, तिकडे कांहींहि शिंपण्यापूर्वीं, कोरड्या दिवशीं तीं पानें खुडावीं. स्वच्छ धुऊन, पाणी निथळून, सावलींत पातळ पसरावीं. उन्हांत वाळविलीं तर रंग उतरतो. चुरचुरीत झालीं म्हणजे कुटून, वस्त्रगाळ करून, कोरड्या घट्ट झांकणाच्या डब्यांत अंधारांत ठेवावीं. लग्नाच्या आठ दिवस आधीं थोडी भिजवून हातावर रंग पाहून घ्यावा. ओल्या मेंदीइतकीच ही मेंदी रंगते, आणि ती आजेसासूबाईंच्या झाडाचीच असेल.

कमी पडली म्हणून बाजारांतून आणावयाची झाल्यास काळी मेंदी आणूं नये. मेंदीचा रंग प्रथम नारिंगी उमटतो व एक-दोन दिवसांत गडद तपकिरी होतो. तो काळा कधींच होत नाहीं. घटकेंत काळा रंग देणाऱ्या मेंदींत केंसांच्या कलपांतील पॅराफेनिलिनडायमिन हें द्रव्य असूं शकतें. त्यानें कित्येकांच्या हातांवर फोड येऊन डाग राहिले आहेत.

वर्षाची रीत

पुन्हां अशी पाळी येऊं नये यासाठीं वर्षभर थोडेंच करावें लागतें. ज्येष्ठांत पहिल्या पावसाआधीं नाली मोकळी करावी. त्याच सुमारास निंबोळ्या पिकून पडतात. त्या वेंचून, धुऊन, सावलींत वाळवून ठेवाव्या. आषाढ-श्रावणांत आठवड्यांतून एकदां शेंडे कागदावर झटकून पाहावे. दहा किडे असतां जें काम बोटांनीं होतें, तें हजार झाल्यावर औषधानेंहि होत नाहीं. मिरचीचा वाफा पुढील वर्षापासून मेंदीपासून दूर न्यावा. भाद्रपदांत हरितालिकेसाठीं पानें खुडतांना सर्व बाजूंनीं सारखीं खुडावीं, म्हणजे छाटणी आपोआप होते. पौषांत पानें गळलीं तर घाबरूं नये. फाल्गुनांत थंडी गेली, कीं मेलेल्या व गुंतलेल्या फांद्या काढून झाड मोकळें करावें आणि एक घमेलें कुजलेलें शेणखत द्यावें. अधिक दिलें तर फूट मऊ येते, आणि मऊ फुटीवर मावा आधीं धांवतो.

आणखी एक काम फाल्गुनांत व पुन्हां पावसाळ्याच्या तोंडीं करावें, असा आमचा आग्रह आहे. दक्षिणेच्या बाजूच्या पक्क्या, पेन्सिलीएवढ्या जाड फांद्यांचे वीतभर लांबीचे आठ-दहा तुकडे करून, दोन तृतीयांश भाग मातींत जाईल असे कुंडींत, हलक्या रेताड मातींत लावावे. सगळे जगणार नाहींत. दोन जगले तरी पुरे. त्यांतील एक परसाच्या उंच, उन्हाच्या जागीं लावावें व दुसरें नणंदेबरोबर सासरीं पाठवावें. जुन्या झाडाच्या मुळांस किती इजा झाली आहे तें पुढच्या पावसाळ्यांतच कळेल. पण तोपर्यंत त्याचा वंश तरी निर्धास्त होईल.

डहाळी पाठविणारांस सूचना

ज्यांना आपल्या झाडाविषयीं विचारावयाचें असेल, त्यांनीं या भगिनींचाच कित्ता गिरवावा. एक जुनें पान व एक शेंडा असलेली डहाळी कोरड्या कागदांत गुंडाळावी; ओल्या कापडांत गुंडाळलेली वाटेंतच कुजते. ती झाडाच्या कोणत्या बाजूची, त्या बाजूस काय आहे, पानें कोणत्या पंधरवड्यांत मुरडलीं, पहाटे तीं कशीं दिसतात, आणि झाडावर किंवा शेजारच्या शेतांत काय फवारलें, एवढें लिहावें. भंडारा जिल्ह्यांतील वाचकांस साकोली येथील कृषि विज्ञान केंद्र जवळ आहे. तेथें डहाळी प्रत्यक्ष दाखविली तर पत्राची वाट पाहण्याचेंहि कारण उरणार नाहीं. औषधाची बाटली मात्र डहाळी दाखविल्यानंतरच विकत घ्यावी.